मागच्या घराचं पाणी

पुणे,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गंगूस,
सप्रेम जय भीम.

तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते. फोन असताना ताई पत्र कशाला लिहितात, असं तुला वाटेल. माझा नंबर तुझ्या फोनवर लागत नाही. एकदा सूनबाईच्या, तनुजाच्या फोनवरून लावला होता, तेव्हा तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि माझा आवाज ऐकून फोन ठेवलास. मागून स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. म्हणून हे पत्र. रजिस्टर करते आहे, म्हणजे हरवायचं नाही.

इकडे सर्व ठीक. धम्मरत्नची नोकरी चालू आहे. तनुजाही आता कामावर जाते. बाळ पावणेदोन वर्षांचा झाला, नाव अश्वजित. दुडूदुडू धावतो, सगळ्यांना ‘बाय’ म्हणतो, आलेल्यालाही आणि गेलेल्यालाही. यांची तब्येत वयाप्रमाणे. कधी बरी, कधी तशी.

आता कामाचं. आम्ही दोघं बुधवारी, ५ मार्चला रिसोडला परत येतो आहोत. कायमचे. घर जवळजवळ दोन वर्षं बंद आहे. तिथे झाडलोट मी येऊन करीन, पण पाणी आधी सुरू झालेलं हवं. नळ हल्ली कितव्या दिवशी येतो ते मला माहीत नाही. आम्ही होतो तेव्हा उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांनी यायचा. आम्ही आलो आणि नळ आदल्या दिवशी येऊन गेलेला असला, तर आजारी माणसाला घेऊन आठवडा कसा काढू?

तुला आठवतं, हे कुठे गावाला निघाले की यांचा अर्धा तास पाण्यातच जायचा. मेहकरला एका दिवसाच्या लग्नाला जायचं असलं तरी. टाकीचा कॉक बंद करायचा, मग सगळ्या तोट्या उघडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, कूलर उपसायचा, पाण्याचे गुंड उपडे घालायचे, वानरं झाकण काढतात म्हणून टाकीवर दोन विटा ठेवायच्या. मी दारात पर्स घेऊन उभी. ‘अहो, एसटी सुटेल,’ म्हटलं की म्हणायचे, ‘मी डेपोत असल्यावर माह्याशिवाय कशी सुटन?’ सत्तावीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, त्यांना तो अधिकार वाटायचा. खरं तर एसटी दोनदा सुटली.

चावी याच पाकिटात रुमालात गुंडाळून ठेवली आहे. अंगणात पेरूखालची फरशी सरकवली की खड्ड्यात दोन कॉक दिसतील. तुला माहीत आहे, तरी लिहिते. पहिला पितळी, मूठ तुटलेला, पान्यानं फिरतो. तो रस्त्यावरून आलेल्या लायनीवर आहे. त्याच्यापुढे लाइन फुटते, एक आमच्या टाकीला आणि एक भिंतीखालून मागे, तुमच्याकडे. त्याला हात लावायचं कारण नाही, तो उघडाच आहे. दुसरा निळ्या मुठीचा, फक्त आमच्या टाकीचा. तो निघताना यांनी बंद केला होता. तेवढा उघडायचा.

एकदम उघडू नको. पाइपात दोन वर्षांची हवा आहे, एकदम पाणी सोडलं तर पाइप ठोके देतो आणि जुने जोड सुटतात. आधी मोरीतली तोटी उघडी ठेव. ती फुसफुसेल, खोकेल, मग पाणी येईल. पहिलं तांबडं पाणी टाकीत जाऊ देऊ नको, पेरूला घाल. हे सगळं तुझ्याच्यानं होत नसेल तर गल्लीतल्या बाबूलाल प्लंबरला बोलाव, त्याला सगळे कॉक ठाऊक आहेत.

लिहिता लिहिता मला आपलं पहिलं वर्ष आठवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा नळ नव्हताच. शाळेजवळच्या हापशीवर रांग लागायची. मी अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, केस आखूड, डोक्यावर गुंड राहायचाच नाही. चार वर्षांनी तू धाकटी जाऊ म्हणून आलीस आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणालीस, ‘बाप्पा ताई! तुमाले इतकं इंग्रजी येते अन् पानी नाही भरता येत?’ सगळी हापशी हसली. मग तूच माझ्या डोक्यावर चुंबळ बसवून दिलीस, मागून हात धरून घरापर्यंत आणलंस. मी तुला त्या बदल्यात सही इंग्रजीत शिकवली.

आणि नळ आला तो दिवस! मामाजींनी पांढरा सदरा घातला होता. पहिल्या धारेखाली त्यांनी स्वतः ओंजळ धरली, प्यायले, आणि तसेच वाकून उभे राहिले. लहानपणी त्यांच्या ओंजळीत लोक वरून पाणी टाकायचे, हात लांब ठेवून. मग मिशा पुसत दोन्ही मुलांना, यांना आणि भावजींना, म्हणाले, ‘हा नळ दोघायचा हाये. पाइप एक, हक्क दोन.’ त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

गंगू, मागे जे झालं ते आता उगाळत बसू नये असं मला वाटतं. माणसाच्या हातून विसरण्यात होऊन जातं. भावजींनी मन मोठं करावं. यांना भावाचा आवाज ऐकायची फार इच्छा आहे. एक फोन केला तरी पुष्कळ. नंबर तोच आहे.

सपनाला माझे अनेक आशीर्वाद. ती वाशिमला कामाला जाते असं कळलं. उन्हात डोक्याला बांधून जात जा म्हणावं.

तुझी ताई,
रत्नमाला


पुणे,
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

प्रिय गंगू,

जय भीम. पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे, इंग्रजीत. म्हणजे पत्र पोचलं, चावी पोचली. फोन आला नाही, उत्तर आलं नाही. मी सोळा दिवस वाट पाहिली आणि मग लक्षात आलं की माझ्या त्या पत्राला उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी तुला नळाची माहिती पाठवली होती.

हे पत्र तू एकटी वाच. मग वाटलं तर भावजींना दे. देच.

यांची तब्येत वयाप्रमाणे नाही. यांना विस्मरणाचा आजार आहे. त्याची सुरुवात आम्ही निघालो तेव्हाच झाली होती. चष्मा कुठे ठेवला ते सापडत नसे, एकदा डेपोतल्या जुन्या मित्रांना भेटून घरी येताना चुकीच्या गल्लीत गेले होते. आता महिना आठवत नाही, बाळाचं नाव आठवत नाही. धम्मरत्नला कधी ‘साहेब’ म्हणतात. मला ओळखतात, पण रोज नाही. ‘राजपाल’ म्हटलं की मात्र मान वर करतात. डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस राहायचं नाही. काही महिने, कदाचित काही आठवडे. भाऊ समोर आला आणि यांनी त्याला ओळखलं, असं जे काही व्हायचं ते आत्ताच होईल. म्हणून घाई आहे. मी पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी ख्रिश्चन मुली चॅपलमध्ये पापाची कबुली द्यायला जात. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसायचो. त्या आत जाताना रडवेल्या असत, बाहेर येऊन लगेच लंगडी खेळत. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी एकदा सिस्टरना विचारलं, ‘मी जाऊ?’ त्या म्हणाल्या, ‘तुझं ज्याच्याशी वाकडं झालं आहे, त्याच्याकडे जा.’ मी तेव्हा दहा वर्षांची होते. आता सहासष्ट.

तो पितळी कॉक मी बंद केला, गंगू. यांनी नाही.

बुधवार होता, १९ एप्रिल. रविवारी सपनाचा साखरपुडा. तू तो ठरवलास, तारीख घेतलीस, आणि मला बाबूलालच्या बायकोकडून कळलं. मोठी आई मी तिची. तुला विचारलं तर तू म्हणालीस, ‘तुमाले कुठी वेळ हाये ताई, तुमाले पुन्याले जाचं हाये.’ खरंच होतं ते. तनुजाचे दिवस भरत आले होते, तिकिटं काढून झाली होती. तरी मला लागलं. आणि तुमची ती टिल्लू मोटार. नळ आला की ती घुं घुं करत सगळं पाणी मागे ओढून न्यायची आणि आमच्या टाकीत करंगळीएवढी धार पडायची. मी यांना किती वेळा म्हटलं, भावाला बोला. हे म्हणायचे, ‘त्याच्या घरी येनंजानं जास्त हाये. जाऊ दे ना वं.’

ऑटो दारात उभा होता. यांनी निळा कॉक बंद केला, तोट्या उघडून पाइप रिकामा केला, फरशी लावली. मला म्हणाले, ‘पितळी उघडाच ठेवला बरं. रविवारी पोट्टीचा कार्यक्रम हाये, त्यायले पानी लागन.’ आणि ऑटोत जाऊन बसले. मी कुलूप लावायला मागे राहिले. पाना पेरूच्या बुंध्याशी पडला होता.

मला सगळं आठवतं. फरशी जड होती, माझ्या नखात माती गेली. दीड फेरा लागला. पाना मी पर्समध्ये टाकला, चष्म्याच्या डबीशेजारी. फार संतापले होते असंही नाही. वाटलं, एकदा तरी तुम्हाला कोरडा नळ दिसू दे. वाटलं, रविवारच्या आत पाणी येणारच नाही, सोमवारी फोन करून बाबूलालला उघडायला सांगू, कुणाला कळणारही नाही. मग फाटकाला कुलूप लावलं. ऑटोत यांनी विचारलं, ‘काहून उशीर झाला?’ मी म्हणाले, कुलूप लागत नव्हतं.

शनिवारी सकाळी नळ आला.

भावजींचा फोन दुपारी आला. आम्ही दवाखान्यात होतो, तनुजाला कळा सुरू झाल्या होत्या, हे खाली चहा आणायला गेले होते. यांचा फोन माझ्या हातात. ‘वयनी, सगळ्या गल्लीचं पानी भरून झालं, आमच्या नळाले थेंब नाही. बाबूलाल भिताडावरून उडी मारून गेला तं पितळी कॉक बंद! कोनं केला?’ मी म्हणाले, ‘यांनीच केला असेल, भावजी. हल्ली फार विसरतात.’

हे चहा घेऊन आले. मी यांनाही सांगितलं, तुम्ही पितळी कॉक बंद करून आलात. हे म्हणाले, ‘मी? मी तं उघडा ठेवला होता.’ मी म्हणाले, ‘नाही. बंद केलात. मी पाहिलं.’

यांनी माझ्याकडे पाहिलं. यांना स्वतःच्या डोक्याची आधीच भीती वाटायला लागली होती. कप बाकावर ठेवला आणि म्हणाले, ‘असं झालं का.’ माझ्यावर विश्वास ठेवला यांनी. मग स्वतः भावजींना फोन लावून माफी मागितली. भावजी काय म्हणाले ते मला फोनबाहेर ऐकू आलं. ‘दुसऱ्या कोनं आपलं पानी तोडलं असतं तं मले समजलं असतं, दादा. तू?’ त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

रविवारी काय झालं ते मला नंतर कळलं. आपल्या गल्लीत टँकर शिरत नाही. पाहुणे आसेगावहून दोन जीप भरून आले आणि सपना नवी साडी खोचून शेजारच्या घरांतून कळशा आणत होती. मुलाची मावशी म्हणाली म्हणे, ‘सख्खा भाऊ पानी बंद करते, त्या घरी सोयरिक कायले करा?’ आठ दिवसांत त्यांनी नकार कळवला. मी तेव्हाही बोलले नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू. बाळ झालं, मग बाळाचं नाव, मग यांचे डॉक्टर. पुढे असं झालं की सांगायचं कुणाला, हाच प्रश्न उरला. यांना सांगितलं तर यांना पटेना. गेल्या दिवाळीत मी यांचे हात धरून सांगितलं, मी केलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू माह्यावर पांघरून घालून राह्यली.’

यांचं सगळं गेलं, गंगू. डेपो गेला, मामाजी गेले, आमचं लग्न गेलं. तेवढं एक राहिलं आहे. मी घातलेलं.

इथे हे घरभर फिरून तोट्या उघडत सुटतात. ‘मागं पानी जाऊ द्या, मागं जाऊ द्या.’ दोनदा खालच्या मजल्यावरच्या लोकांचं छत गळलं. सोसायटीनं चिठ्ठी दिली. आता धम्मरत्न सकाळी कामावर जाताना फ्लॅटचा मुख्य कॉक बाहेरून बंद करून जातो, आणि मी संध्याकाळपर्यंत दोन बादल्यांवर काढते. तो बिचारा रोज विचारतो, ‘आई, पुरेल ना?’ पुरतं. मुलाचा दोष नाही. सुनेचाही नाही. त्यांनी खूप केलं. म्हणून मीच म्हटलं, आम्ही घरी जातो.

भावजींना हे दे. पाच तारखेची वाट पाहू नका. आजच फोन करू दे, नुसतं ‘दादा’ म्हणू दे. आज यांनी दोनदा विचारलं, राजपालचा फोन आला का?

मला माफ कर असं लिहीत नाही. तू लेकीच्या हातातली कळशी पाहिलेली आहेस.

तुझी,
रत्नमाला


रिसोड,
गुरुवार, २० मार्च २०२५

प्रिय गंगू,

मधे एक भिंत आहे आणि मी तुला टपालानं लिहिते आहे. दाराशी आले असते, पण तू दार उघडलं नसतंस तर ते मला सहन झालं नसतं, आणि उघडलं असतंस तर बोलता आलं नसतं.

आधी आभार. आम्ही आलो तेव्हा टाकी भरलेली होती. आतून राखेनं घासलेली होती. आता गल्लीत राखेनं टाकी घासणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. रांजण धुऊन भरून ठेवला होतास, मोरीत बादली पालथी. चावी भिंतीवर, दगडाखाली. तू आली नाहीस, तरी पाणी दिलंस. मी ते पाणी पहिल्या दिवशी पिऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी प्यायले.

प्रवासात यांना ताप आला. गाडीत सोळा तास झाले, मेहकरच्या पुढे दोन तास टायरपायी थांबलो. घरी उतरवलं तेव्हा हे कुठे आलो ते विचारत होते. ताप तीन दिवसांत गेला, पण त्याच्याबरोबर जे थोडं उरलं होतं तेही गेलं. सत्तावीस तारखेपासून पाच तारखेपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नव्हता. भावजी म्हणाले, पत्र त्यांना आम्ही आलो त्या दिवशी मिळालं. मी तुला काही म्हणत नाही. मी दोन वर्षं दाबून ठेवलं, तू चार-सहा दिवस.

सहा तारखेला सकाळी भावजी आले. हातात पत्र होतं. माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरोबरच आहे. सरळ खाटेपाशी गेले, खाली बसले, यांच्या पायावर हात ठेवला. ‘दादा. मी राजपाल.’

यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता. मग म्हणाले, ‘तुमी राजपालकडचे का?’

हे उठून बसले, यांचा आवाज एकदम डेपोतल्यासारखा झाला. ‘बरं झालं आले. एक निरोप द्या त्याले. म्हना, तुह्या दादानं, देवमननं पानी बंद केलं, चुकून केलं, देवमन माफी मागते.’

‘दादा, तुवा नाही केलं! वयनीनं लिहून देलं हाये, पाह्य.’ भावजींनी पत्र यांच्या हातात दिलं. हे ते उलटंसुलटं पाहू लागले. मी पुढे झाले. मोठ्यानं म्हणाले, ‘मी बंद केला. मी. तुम्ही उघडा ठेवला होता.’

यांना माझी ओळख पटली नव्हती त्या दिवशी. मला अदबीनं म्हणाले, ‘बाई, तुमी कायले अंगावर घेता? तुमी चांगल्या घरच्या दिसता.’ मग भावजींकडे वळून, हळूच: ‘माह्या बायकोचं नाव कोनी सांगन तं ऐकू नका. थे कॉन्व्हेंटात शिकली हाये. थे असं नाही करत.’

गंगू, तेव्हा भावजींनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तुला भावजींनी घरी काय सांगितलं माहीत नाही, म्हणून पुढचंही लिहिते. ते रोज आले. पंधरा दिवस, रोज सकाळी, भाजीबाजारात जायच्या आधी. पहिले तीन दिवस ते यांना पटवत होते, मी राजपाल, हा पाह्य हातावरचा व्रण, आपून दोघं मेडशीच्या जत्रेत पडलो होतो. हे नुसतं हसायचे. चौथ्या दिवसापासून भावजींनी ते सोडून दिलं. हे म्हणाले, निरोप दिला का? भावजी म्हणाले, ‘हाव. देला.’

‘काय म्हने तो?’

‘म्हने, माफ केलं. दादाले सांगा, काही मनात ठेवू नका.’

हे खाटेवर मागे टेकले. मला वाटलं, सुटले. मी हातातली ताटली खाली ठेवली. मग यांनी मान हलवली. ‘तुमी चांगले मानूस हाये, पन खोटं सांगून राह्यले. तो असं म्हनला असता तं सोता आला असता. माहा भाऊ हाये तो. भिताडाच्या पल्याड तं राह्यते.’

भावजी यांचा हात धरून बसले होते तेव्हा.

आता रोज तेच. भावजी दिसले की हे निरोपाचं विचारतात, उत्तर ऐकतात, आणि रडायला लागतात. भावजी गेल्यावर दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसतात. इतर वेळी हे शांत असतात. मी पेरूच्या सावलीत खाट टाकली तर पानं मोजत बसतात. पण गेल्या रविवारपासून जेवत नाहीत. ‘भाऊ आल्याशिवाय मी जेवत नाही, तुमी जेवा’ असं भावजींनाच सांगतात, आणि भावजी घास हातात धरून बसलेले. काल तर यांनी कपाळ भिंतीवर आपटलं. फार लागलं नाही, पण सूज आहे. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ज्या चेहऱ्यानं हे आठवतं तो चेहरा समोर नको. काही दिवसांपुरता नाही, आता नकोच. नाव आठवत नाही म्हणून चेहरा काही करत नाही असं नसतं, बाई. आत कुठेतरी ओळख पटते, आणि तिच्यामागून फक्त अपराध येतो.

म्हणजे हे ओळखतात, गंगू. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं आहे.

मी दोन पत्रांत तुझ्यापुढे पदर पसरला की भावजींना पाठव. आता तुला हे लिहिते की भावजींना पाठवू नकोस. हे माझ्याच्यानं त्यांच्या तोंडावर बोलवत नाही. आज सकाळी ते यांच्यासाठी गुळाचा शिरा घेऊन आले, तुझ्या हातचा होता, मी वासानं ओळखला. ते म्हणाले, ‘वयनी, उद्या थोडं लवकर येतो, उन्हाच्या आंधी.’ मी ‘बरं’ म्हणाले.

तुझं ते ऐकतात. त्यांना सांग की डॉक्टरांचं म्हणणं आहे. माझं नाव घेतलंस तरी चालेल, त्यांना मी वाईट वाटले तर त्यांना सोपं जाईल. त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही हे मात्र सांग, दोनदा सांग, कारण ते स्वतःलाच दोष देत बसतील, आणि तसा दोष माणसाच्या आत किती खोल जातो ते मी रोज पाहते आहे. दुरून पाहायचं असेल तर दुपारी दोनच्या सुमारास हे झोपलेले असतात. तेव्हा फाटक उघडं ठेवत जाईन. यावं, पाहावं, आणि हे जागे व्हायच्या आत जावं.

उद्या सकाळच्या आत हे पत्र टपालानं पोचणार नाही. म्हणून आत्ता तुमच्या दाराच्या फटीतून सरकवते आहे. तू भांडी घासते आहेस, मला ऐकू येतं. थांबणार नाही.

भिंतीच्या अलीकडून,
रत्नमाला